राणीच्या राज्यातलं पुणं: खेळ, शाळा आणि बाजार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या पुण्याबद्दल लिहायला लागलं की तेच तेच प्रश्न येतात. कुणाला कादंबरीसाठी तपशील हवा असतो, कुणाला मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी, तर कुणाचे पणजोबा 'लष्करात दुकान चालवायचे' एवढंच ठाऊक असतं. राजकारण आणि लढाया सगळीकडे सापडतात, म्हणून इथं ते बेताचंच ठेवलं आहे.

राणीचा काळ म्हणजे नेमका कधीचा? पुण्यात इंग्रज आधीपासूनच होते ना?

होते. खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली आणि वारली जानेवारी १९०१ मध्ये. त्यातली पहिली वीसेक वर्षं इथला कारभार कंपनी सरकारचा होता, राणीचा थेट अंमल १८५८ पासून.

हा पल्ला चौसष्ट वर्षांचा आहे हे लोक विसरतात. १८४० च्या पुण्यात पेशव्यांच्या हातची दक्षिणा घेतलेली म्हातारी माणसं हयात होती. १८९० च्या पुण्यात रेल्वे, कॉलेजं, वर्तमानपत्रं आणि तिकीट लावून होणारी नाटकं होती. मालिकांमध्ये या दोन्ही पुण्यांची खिचडी करतात, तेव्हा पहिला प्रश्न 'साल कोणतं?' हाच विचारावा.

गाव आणि लष्कर ही दोन वेगळी शहरं होती हे खरं का?

बऱ्याच अंशी. १८८१ च्या शिरगणतीत दोन्ही मिळून सुमारे एक लाख तीस हजार वस्ती होती, आणि त्यातले साधारण तीस हजार लोक लष्कराच्या हद्दीत राहत. गावाचा कारभार नगरपालिकेकडे, लष्कराचा छावणीकडे. गावात वाडे, पेठा, हौद, देवळं. लष्करात बंगले, बराकी, चर्च आणि पलटणीला माल पुरवायला वाढलेला सदर बाजार. त्या बाजारात पारशी होते, बोहरी होते, मद्रासेकडून आलेले मुदलियार होते, बगदादी ज्यू होते, गोव्याहून आलेले ख्रिस्ती होते. डेव्हिड ससूनच्या पैशातून उभं राहिलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं सिनेगॉग आजही पुणेकरांच्या तोंडी 'लाल देऊळ'च आहे.

मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला असे. त्यामुळे जून ते ऑक्टोबर हा लष्करातला खरा हंगाम: शर्यती, नाच, मेजवान्या, बँड, सगळं त्याच महिन्यांत. गावाचं वर्ष मात्र चातुर्मास, गणपती, दिवाळी आणि लग्नसराईप्रमाणे चाले. दोन्हींमध्ये तटबंदी कुठंच नव्हती. पेठेतला कारकून रोज लष्करातल्या कचेरीत जाई आणि संध्याकाळी घरी येऊन अंघोळ करी.

मुंबईहून माल आणि माणसं येत कशी?

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण बोरघाटातला रूळ १८६३ मध्ये पुरा झाला. मधली पाच वर्षं घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, घाट पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढायचा आणि वर पुन्हा गाडी धरायची. घाट खुला झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास एका दिवसाच्या आत आला. विलायती कापड, काचसामान आणि रॉकेलचे दिवे पेठांतून दिसायला लागले ते या गाडीमुळे. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्याही याच गाडीनं आल्या, आणि त्याचा एक मोठा परिणाम झाला. तो खाली येईलच.

तेव्हाही लक्ष्मी रोडवरच खरेदी व्हायची का?

नाही. लक्ष्मी रस्ता विसाव्या शतकातला. राणीच्या काळात कापड, धान्य, किराणा यासाठी रविवार पेठ आणि बुधवार पेठ, लोखंडी सामानाला बोहरी आळी, तांब्यापितळेच्या भांड्यांना कसब्यातली तांबट आळी. देवाची उपकरणी, बांगड्या, लाकडी खेळणी, कुंकवाचे करंडे यासाठी तुळशीबाग, आणि त्या निमित्तानं रामाचं दर्शनही.

आळी म्हणजे त्या त्या कसबाची वसाहतच. भांडं घडवणारा आणि विकणारा बहुतेक एकच, मागं भट्टी आणि पुढं दुकान. भाव पाटीवर लिहिलेला नसे. घासाघीस ही पद्धतच होती आणि ठरलेलं गिऱ्हाईक उधारीवर चाले. बरेच जिन्नस दारावरही येत. लुगडी, बांगड्या, भाजी, तेल घेऊन विकणारे वाड्याच्या चौकापर्यंत येत, म्हणून बऱ्या घरच्या बायकांना बाजारात जायची वेळ क्वचितच येई. गरीब घरच्या बायका बाजारात होत्याच, बहुतेक विकायला बसलेल्या.

मंडईची गोष्ट काय आहे?

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. मंडई व्हायच्या आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. ऊन, चिखल, जनावरं, सगळं तिथंच. नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधायचं ठरवलं तेव्हा ओरड झाली. भाजीवाल्यांना जागा सोडायची नव्हती, आणि एवढा खर्च कशाला, असं म्हणणारेही होते. त्यांतले एक होते जोतीराव फुले. ते तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते, आणि हा पैसा शिक्षणावर घालावा असं त्यांचं म्हणणं होतं.

इमारत तरीही झाली. मधोमध अष्टकोनी गाभा, त्यातून आठ दिशांना निघालेल्या पडव्या, वर उंच शिखर, आणि गाळ्यांवर दगडी कट्टे. ऑक्टोबर १८८६ मध्ये ती उघडली, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. पुढं १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' झालं. ज्यांनी तिला विरोध केला, त्यांचंच नाव तिला. पुण्याला असल्या गमतींची सवय आहे.

आणि लष्करातली खरेदी?

मुख्य खरेदी मेन स्ट्रीटवर (आताचा महात्मा गांधी रस्ता) आणि ईस्ट स्ट्रीटवर. तिथं काचेच्या खिडकीत माल मांडलेली दुकानं होती. शिंपी, चामड्याचं सामान, औषधं, दारू, डबाबंद विलायती जिन्नस, हे सगळं साहेबांसाठी. मटण-मासळीचा बाजार आधी विस्कळीत होता. त्यासाठी १८८० च्या दशकात, गावातल्या मंडईच्या आगेमागेच, लष्करात कॅनॉट मार्केट बांधलं. आज ते शिवाजी मार्केट. गावातल्या मंडईत मांस-मासळी नाही आणि इथं आहे, एवढ्यावरून दोन्हीकडचं गिऱ्हाईक ओळखता येतं.

इथं हमखास विचारतात, कयानीची बिस्किटं तेव्हापासूनची का? नाही हो. ती बेकरी १९५५ ची. राणीच्या काळात पेठेतल्या सोवळ्या घरात पाव-बिस्किट येणं म्हणजे धर्म बुडाल्यासारखं होतं. पाव खाल्ला म्हणून बाटल्याचा आळ येई.

पैसा आणि मापं कशी होती?

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, आणि हिशेबात आण्याच्या बारा पया. धान्य मोजायचं ते मापानं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. जोखायच्या वस्तूंना नवटाक, पावशेर, अच्छेर. पण शेर सगळीकडे सारखा नसे, गावोगाव बदले, म्हणून जुन्या वहीतला भाव आजच्या किलोत बदलताना जपून.

किमतींचा अंदाज पगारावरून बांधावा. १८९० च्या दशकात मैदान झाडायला, रोलर फिरवायला ठेवलेल्या पोराला महिना तीन-चार रुपये मिळत. शिकलेल्या माणसानं डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासद म्हणून वीस वर्षं वाहून घ्यायची, तर महिना पंचाहत्तर रुपये. साहेबाचा पगार याच्या कितीतरी पट. तेव्हा 'त्या काळी सगळं स्वस्त होतं' हे वाक्य ऐकलं की 'कुणाला?' एवढं विचारावं.

स्वदेशीची दुकानं टिळकांनीच सुरू केली ना?

त्याच्या बरीच आधीची आहेत. १८७० मध्ये सार्वजनिक सभा काढणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० च्या दशकात देशी मालाच्या विक्रीसाठी खटपट केली. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हातानं कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले. माल महाग आणि खडबडीत, त्यामुळे धंदा म्हणून ते फार चाललं नाही.

इंग्रजी शाळा येण्यापूर्वी मुलं शिकत कुठं?

पंतोजीच्या शाळेत. ती शाळा म्हणजे कुणाच्या तरी वाड्याची ओसरी किंवा देवळाची पडवी. धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची, मग मोडी लिहायला शिकायचं आणि मोठ्यानं पाढे म्हणायचे. नुसते बे ते तीस नव्हेत, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा. बाजारातला हिशेब तोंडी करता आला की शिक्षण पुरं झालं. शिक्षा क्रूर असत, टांगून ठेवण्यापर्यंत. मुलं ब्राह्मण, वाणी, सोनार, क्वचित कुणबी. महार-मांगांच्या मुलाला त्या ओसरीवर पाऊल ठेवता येत नसे, आणि मुलींचा प्रश्नच नव्हता.

वेदशास्त्र शिकणाऱ्यांसाठी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पेशवे देत त्या दक्षिणेतल्याच पैशातून. तीच पुढं इंग्रजी विषय घेत घेत डेक्कन कॉलेज झाली. जमशेदजी जीजीभॉयांच्या देणगीतून येरवड्याला नवी इमारत झाली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथं गेलं. गावापासून लांब, नदीपलीकडे, म्हणून मुलं तिथंच राहत. टिळक आणि आगरकर यांची गाठ तिथंच पडली.

मुलींची पहिली शाळा कुठली?

भारतीयांनी पुण्यात काढलेली पहिली म्हणजे फुले दांपत्याची, बुधवार पेठेत भिडेवाड्यात, १८४८ साली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. रस्त्यानं जाताना त्यांच्यावर शेणमाती फेकत, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढ्यावरच ते थांबत नाही, हे कमी लोकांना ठाऊक असतं. १८५१-५२ पर्यंत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली, आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. याच शाळांतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या काळचं शिक्षण कसं होतं हे ज्याला कळून घ्यायचं आहे, त्यानं अहवाल बाजूला ठेवून आधी तो वाचावा.

मुलींचं हायस्कूल व्हायला मात्र १८८४ उजाडलं. रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांनी ते काढलं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा मिळाली, म्हणून त्याचं नाव हुजूरपागा पडलं ते कायमचं. टिळकांनी 'केसरी'तून या शिक्षणक्रमावर कडक टीका केली. मुलींना इंग्रजी, गणित कशाला, घरकाम कोण करणार, असा सूर. टिळकांचा मान राखूनही सांगावं लागतं की या बाबतीत त्यांची बाजू पडकी होती. मुली येत राहिल्या.

न्यू इंग्लिश स्कूलचं एवढं कौतुक का?

कारण इंग्रजी शिक्षण तोवर सरकारच्या नाहीतर मिशनच्या हातात होतं. देशी माणसांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायचा प्रयत्न १८६० मध्ये 'पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन'नं केला होता. त्याच्या संस्थापकांत वासुदेव बळवंत फडके होते, हे वाचून अनेकजण चमकतात. मग २ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, आणि आगरकर पुढं येऊन मिळाले. मॅट्रिकचे निकाल चांगले लागले आणि मुलांची रीघ लागली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

याच सुमारास, १८८२ मध्ये, फुल्यांनी हंटर कमिशनपुढं (शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या मंडळापुढं) सांगितलं की सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा ओततं आणि शेतकऱ्यांच्या पोरांची प्राथमिक शाळा उपाशी राहते. न्यू इंग्लिश स्कूलच्या यशाच्या कथेला हे जोडून वाचलं तर चित्र पुरं होतं.

लष्करातल्या शाळा?

बिशप्स १८६४ ची, सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची. मुळात त्या गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. पेठेतली मुलं तिथं जायला फार वर्षं लागली. हुन्नर शिकायचा तर १८५४ मध्ये निघालेला इंजिनिअरिंगचा वर्ग होता. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून तो काढला. तेच आजचं सीओईपी.

संध्याकाळी माणसं करमणुकीला कुठं जात?

तिकीट न लागणाऱ्या करमणुकीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची करमणूक तीच होती. देवळातलं कीर्तन, विशेषतः चातुर्मासात. तालमीतल्या कुस्त्या. तमाशा, अर्थात घरी न सांगता. मोहरमचे ताबूत, ज्यात हिंदूही हौसेनं नाचत आणि स्वतःचे ताबूत बसवत. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर ते थांबलं आणि १८९४ पासून सार्वजनिक गणपतीचे मेळे त्या जागी आले. मेळ्यात पोरं सारखे पोशाख करून लेझीम-टिपऱ्यांच्या तालावर पदं म्हणत, आणि पदांत चिमटे असत, सुधारकांना आणि सरकारलाही. उत्सवाचा जोम खरा, पण त्यात एक जुना शेजार तुटला हेही खरं.

नाटकाची सुरुवात पुण्यात झाली का?

सांगलीत, १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांकडून. त्या धर्तीच्या पौराणिक खेळात सूत्रधार सगळी पदं म्हणे, विदूषक चेष्टा करी, आणि राक्षस आरडाओरडा करत मंचावर उड्या मारत. त्यावरून पुढच्या शहाण्यांनी त्यांना 'अललडुर्र' नाटकं असं हिणवलं. खेळ रात्रभर चालत, तेलाच्या दिव्यांत.

पुण्याचा वाटा पुढचा. १८८० च्या सुमारास एका पारशी कंपनीचा उर्दू 'इंद्रसभे'चा खेळ इथं झाला. तो बघून रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतला एक नोकरदार, अण्णासाहेब किर्लोस्कर, पेटून उठला: हे मराठीत का नाही? ३१ ऑक्टोबर १८८० ला बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. फरक हा की आता पदं सूत्रधार म्हणत नव्हता, पात्रं स्वतः गात होती. चाली सगळ्या ठिकाणच्या: हिंदुस्थानी, कानडी, साकी, दिंडी, लावणीच्या वळणाच्या. शेतकऱ्यापासून शास्त्र्यापर्यंत प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडे. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं आणि भाऊराव कोल्हटकर नावाचा बडोद्याचा तरुण स्त्रीभूमिकेत गायला लागला. लोक गाडीभाडं खर्चून यायला लागले.

बायकांच्या भूमिका पुरुषच करत. प्रेक्षकांत बायका असत, पण वेगळ्या बसत. नाटकवाल्यांना मुलगी द्यायला मात्र कुणी तयार नसे. पदं घरोघर म्हणायची आणि गाणाऱ्याला घरात घ्यायचं नाही, ही पुणेरी तऱ्हा.

व्याख्यानं ऐकणं ही करमणूक होती?

पुण्यात होती. १८७५ पासून रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालते. त्याच वर्षी त्यांच्या बोलावण्यावरून स्वामी दयानंद आले. त्यांच्या भाषणांना गर्दी लोटली, आणि शेवटी मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून तिची टर उडवली. चिखलफेक झाली. फुकटातला इतका रंगतदार खेळ दुसरा नव्हता.

साहेबलोकांची करमणूक काय, आणि नेटिवांना ती बघता यायची का?

घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात, नदीवर बोटक्लब, बंडगार्डनला संध्याकाळी बँड. फुलझाडांसाठी एम्प्रेस गार्डन: आधी ती सोल्जर्स गार्डन होती, राणीनं 'एम्प्रेस' पदवी घेतल्यावर नाव बदललं. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम इथल्याच गोऱ्या अधिकाऱ्यांनी बांधले, आणि काही काळ त्या खेळालाच 'पूना' म्हणत. बाग आणि शर्यत कुणालाही बघता येई. क्लबाच्या आत मात्र नेटिव गेला तर ताट घेऊनच.

क्रिकेटमध्ये हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं दिसतं. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला मुलगा आधी पारशांच्या क्लबात आणि मग पूना जिमखान्यात मैदानाची कामं करी. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजीही टाके. ग्रेग नावाचा पट्टीचा फलंदाज बाद केला की तो बाळूला आठ आणे देई, असं सांगतात. बॅट मात्र हातात मिळत नसे. पुढं गावातल्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूला घ्यायचं की नाही यावर खल झाला. शेवटी घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांनी एकच हाताळला. चहाच्या वेळी बाळूला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

चहावरून खरंच वाळीत टाकलं होतं?

हो. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्यांपुढं चहा-बिस्किटं आली. बोलावणं गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांच्या पुढाकारानं. काहींनी घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला, आणि गोपाळरावांनी नंतर सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली. रानडे आणि टिळक दोघंही त्यात. मग ग्रामण्य (म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद), शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी, आणि प्रायश्चित्तं. तेव्हा पेठेत चहाची हॉटेलं दाखवणाऱ्या मालिकांकडे जरा संशयानं बघा.

हे सगळं प्लेगनं थांबलं का?

काही काळ, हो. १८९६ च्या अखेरीस प्लेग पुण्यात शिरला. शाळा बंद, माणसं गावाबाहेर झोपड्यांत, बाजारात शुकशुकाट. घरं तपासायला गोरे शिपाई. आणि तशातच २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा, रोषणाई आणि आतषबाजीसह. तिथून परतताना प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

यातलं आज काय बघायला मिळतं?

मंडई सकाळी लवकर जाऊन बघा, तेव्हाच ती मंडई वाटते. विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग शाबूत आहे. गव्हर्नमेंट हाउस म्हणजे विद्यापीठाची मुख्य इमारत. बंडगार्डनचा जुना पूल (१८६७), लाल देऊळ, डेक्कन कॉलेज, शिवाजी मार्केट, एम्प्रेस गार्डन हे सगळं एका दिवसात होतं. भिडेवाडा शोधू नका. तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथं स्मारक व्हायचं आहे. तांबट आळीत मात्र दुपारी चारच्या आत जा, ठोक्यांचे आवाज तेव्हा चालू असतात, आणि घासाघीस अजूनही चालते.